बी विंगच्या डक्टमधील दुर्गंधीबाबत

बी-२०४ : सर्वांना नमस्कार. कालपासून डक्टलगतच्या बाथरूममध्ये असह्य कुजका वास येत आहे आणि फिनेल ओतूनही तो कमी होत नाही. घरात तान्हे बाळ आहे. हा वास विषारी तर नसेल ना?

सी-५०१ : ताई, हा वास ड्रेनेजचा वाटत नाही, डक्टमध्ये उंदीर किंवा घूस मेली असावी. मृत शरीरातील प्रथिने जिवाणू फोडतात, तेव्हा सुटणाऱ्या ऑर्निथिन या अमिनो आम्लापासून पुट्रेसिन आणि लायसिनपासून कॅडाव्हरिन ही दुर्गंधीयुक्त संयुगे तयार होतात, आणि त्यांच्या जोडीला गंधकाची संयुगेही असतात. बर्लिनचे डॉक्टर लुडविग ब्रीगर यांनी १८८५ मध्ये या दोन्ही संयुगांचे वर्णन केले. अन्नातून होणारी विषबाधा अशाच संयुगांमुळे होते, असे त्या काळी मानले जाई. पुढे ती जिवाणू व त्यांच्या विषांमुळे होते, हे स्पष्ट झाले. पुट्रेसिन तर आपल्या जिवंत पेशींतही अल्प प्रमाणात असते. वासाने मळमळेल, डोके दुखेल, म्हणून बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवावे. परंतु खरी काळजी उंदराच्या अंगावरील पिसवांची आणि लेप्टोस्पायरोसिसची (उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची) घ्यायला हवी.

ए-१०३ : मागील आठवड्यात विषारी गोळ्या ठेवल्या होत्या. त्याचाच हा परिणाम असेल का?

सी-५०१ : होय, तशी शक्यता बरीच आहे. रक्त गोठू न देणाऱ्या या गोळ्यांनी उंदीर काही दिवसांनी मरतो आणि तोवर हात पोहोचणार नाही अशा जागी जाऊन बसतो. यापुढे पिंजरेच लावावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. फिनेल आणि उदबत्तीने वास केवळ झाकला जातो. ही संयुगे अल्कधर्मी असल्याने आम्लाशी संयोग होऊन त्यांचे क्षार बनतात व ते हवेत उडत नाहीत; मासळीला लिंबू चोळल्यावर वास कमी होतो, तसेच हे आहे. म्हणून मेलेला प्राणी काढल्यानंतर ती जागा व्हिनेगरने पुसावी, मात्र त्याच वेळी ब्लीचिंग पावडर मुळीच वापरू नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो.

सचिव : धन्यवाद, काका. उद्या सकाळी ९ वाजता प्लंबर डक्टची जाळी उघडतील. त्यांना हातमोजे व मास्क सोसायटी देईल. मेलेला प्राणी ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकला जाणार नाही, कारण कचरा वेचणाऱ्या ताई तो हातांनी वेगळा करतात. महापालिकेच्या आरोग्य कोठीत (सफाई विभागाच्या स्थानिक कार्यालयात) आधी कळवून मगच विल्हेवाट लावली जाईल. डक्टकडील खिडक्या तोपर्यंत बंद ठेवाव्यात.