मदत हवी आहे: १९६६ ची स्पिटफायर, तिच्या शेजारी हेराल्ड, आणि माझ्या हातात कटर

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझ्या थोरल्या मामांची १९६६ ची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क टू. सत्तरच्या दशकात मामा मुंबईत नोकरीला असताना मायदेशी निघालेल्या एका इंग्रजाकडून त्यांनी ती घेतली. दोन माणसांची, टप मागे टाकता येणारी, लाल. लाल होती हे आता सांगावं लागतं. १९९१ पासून ती कागलजवळच्या मळ्यात छपराखाली उभी आहे आणि मागच्या भागात कोंबड्यांच्या तीन-चार पिढ्या वाढल्या आहेत. मामा गेल्या पावसाळ्यात गेले. मामी म्हणाल्या, "भंगारवाला दर महिन्याला विचारून जातो. तुला हवी असेल तर ने, नाहीतर मी देते." नेली.

अवस्था अशी. १९८३ च्या सुमारास मूळ ११४७ सीसीचं इंजिन जाम झालं, तेव्हा मामांनी एका स्टँडर्ड हेराल्डचं (ट्रायम्फ हेराल्डची भारतात बनलेली आवृत्ती) ९४८ सीसीचं इंजिन चढवलं आणि तसंच चालवलं. मूळ ब्लॉक मात्र खताच्या पोत्यांखाली सापडला! नंबर 'एफसी'ने सुरू होतो आणि आरसी बुकाशी जुळतो. आत क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) आहे, गंजलेली. हेड नाही, जुळे एसयू कार्बोरेटर नाहीत. दारांखालच्या दोन्ही सिल पेट्या बोटाने टोचल्या तरी आरपार जातात. पुढची चाकं हाताने हलवली की खडखडतात. मागचा आडवा पाटा (स्प्रिंग) बसका झालाय.

आता मुख्य गोष्ट. इचलकरंजीत एका निवृत्त कारखानदारांकडून चार दारांची स्टँडर्ड हेराल्ड मार्क थ्री ४५ हजारांत घेतली, कागदपत्रांसह. अंगणात झाकून ठेवलेली होती. इंजिन हाताने फिरतं. विचार असा की हिचे गिअरबॉक्स, डिफरन्शियल, पुढचं सस्पेन्शन, ब्रेक, वायरिंग, फ्लोअरचा पत्रा, जे जे लागेल ते काढायचं आणि उरलेली वजनावर द्यायची. मिरजेत त्याच स्टँडर्ड कंपनीची एक गॅझेलही मिळतेय, आणखी स्वस्त.

विचारायचं एवढंच: हेराल्डचं नेमकं काय काय बसतं? गॅझेल घ्यावी का? आणि इंजिन मूळ ब्लॉकवरच उभं करावं, की ९४८ राहू द्यावं?

उद्यमनगरचा_टर्नर

भावा, आधी त्या ब्लॉकला कुणाला हात लावू देऊ नकोस. घासायला कुणी पॉलिशपेपर घेतला तर नंबरच जाईल.

९४८ ला बोअर मारून ११४७ करता येईल का, असं तू विचारलं नाहीस, पण कुणीतरी सुचवणारच, म्हणून सांगतो. दोन्हीचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ७६ मिलिमीटर. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ९४८ ला ६३ आणि ११४७ ला ६९.३. एवढा पत्रा भिंतीत नसतोय. स्लीव्ह, म्हणजे आतून नळी, मारली तर व्यास अजून कमी होतो. नाद सोड.

स्ट्रोक एकच म्हणून हेराल्डची क्रँक उचलून तुझ्या ब्लॉकात बसेल असंही धरून चालू नकोस. दोन्ही टेबलावर ठेव, सगळे जर्नल (बेअरिंगात फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने मोज, मग बोलू. तुझी मूळ क्रँक गंजलेली दिसत असली तरी वरवरचा गंज ग्राइंडिंगला जातो. तडा आहे का तेवढं तपासून घे. कोल्हापुरात ही कामं करणारे लई आहेत, घाई करू नकोस. आणि मिलिमीटरचे पाने लांब ठेव, ही सगळी इंची गाडी आहे. गोल झालेल्या नटांसाठी मग माझ्याकडंच येशील.

गिअर_पाचवा

एवढा खटाटोप कशाला? जिप्सीचं इंजिन-गिअरबॉक्स टाका, एसी पण लावता येईल.

सांगलीचे_नाना

पाचवा गिअर, तुम्ही तुमच्या गाडीत बसा आणि एसी लावा.

पंचगंगाकाठ, मी चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, हेराल्ड भरपूर हाताखालून गेल्या. स्पिटफायर एकच, ती पण पाहुणी म्हणून आलेली. दोघी सख्ख्या बहिणी. इटलीच्या मिकेलोत्तीने दोघींचं रूप काढलं, आणि दोघींचं बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट पुढे उघडतं. पुढची चाकं इतकी वळतात की गल्लीत एका दमात गाडी फिरते. पण बहिणी असल्या तरी एकीचं लुगडं दुसरीला पुरत नाही.

हेराल्डची चासी तुला चालणार नाही. तिचा व्हीलबेस २३२४ मिलिमीटर, तुझ्या गाडीचा २१०८. मधून २१६ मिलिमीटर कापून जोडणारे महाभाग असतात, तू होऊ नकोस. शिवाय हेराल्डच्या चासीला बाजूने आधार असतात. स्पिटफायरला मधला कणा तेवढा, बाजूचा सगळा भार त्या सिल पेट्यांवरच. म्हणून सिल कापायच्या आधी बॉडी चासीवरून उचलायची नाही. दार काढून त्या चौकटीत लोखंडी अँगल टाके मारून पक्का बसवायचा. मग एकच बाजू करायची: बाहेरचा पत्रा, मधला मजबुतीचा, आतला, तिन्ही. दार लावून फट बघायची आणि मगच दुसऱ्या बाजूला हात घालायचा. दोन्ही एकदम कापल्यास तर गाडी मधोमध वाकेल आणि दार आयुष्यात लागणार नाही. पुट्टी भरून फट लपवणारे पेंटर आहेत आपल्याकडे, त्यांना दारातही उभं करू नकोस.

पुढची खडखड बहुतेक ट्रनियनची. खालच्या टोकाला पितळेचा ठोकळा, त्यात आटे, त्यात चाकाचा उभा दांडा फिरतो. तिथे ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर तेल लागतं. आपल्याकडे बूच काढून निपल लावला की प्रत्येक पोऱ्या ग्रीसगन घेऊन धावतो. ग्रीस आट्यांत पोचत नाही, पाणी पोचतं. मग एक दिवस दांडा तुटतो आणि चाक आडवं पडतं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, सुदैवाने गाडी फाटकातून बाहेर पडत होती. हेराल्डचे ट्रनियन तुला बसतील, पण डावा-उजवा वेगळा असतो आणि ते जुनेच आहेत. जुनं काढून जुनं बसवण्यात काय मिळवलंस? फाउंड्रीतून ओतून घेण्याचा मोह होईल, तो टाळ. ही गोष्ट नवी घे.

पाटा: चार माणसं बसणाऱ्या गाडीचा पाटा दोन माणसांच्या गाडीला लावलास तर मागची बाजू उंच राहील. या गाड्यांची मागची चाकं झुलत्या अॅक्सलवर असतात, वळणावर ब्रेक मारला की आत दुमडू बघतात. मागून उंच झाली की हे आणखी वाढतं. तुझाच पाटा कमानवाल्याकडून नीट करून घे.

गॅझेलला मागे सरळ एकसंध अॅक्सल. तुझ्या उपयोगाची नाही. मिरजेला पेढे खायला जा, गॅझेलसाठी नको.

आरसीबुक

कागदांचं बोलतो, कारण गाडी उभी राहील आणि कागद आडवे येतील.

आधी वारसाच्या नावाने हस्तांतर, फॉर्म ३१. ते मामींकडूनच सुरू करा, उशीर झालाय. त्यानंतर व्हिंटेजचा विचार. २०२१ साली केंद्राने मोटार वाहन नियमांत यासाठी वेगळी तरतूद केली. ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, त्यामुळे मामांचा तीन अक्षरी नंबर जाणार नाही. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल नकोत. रोजच्या वापराला आणि धंद्याला ती चालवता येत नाही.

आता तुमच्या गाडीत ९४८ आहे आणि आरसीवर एफसी नंबर. इंजिन बदललं तर कलम ५२ नुसार नोंद करावी लागते, मामांनी ती केलेली दिसत नाही. म्हणजे पोत्यांखालचा ब्लॉक हा तुमचा सगळ्यात किमती भाग आहे. टर्नरदादांचं ऐका.

आणखी एक. या गाड्यांच्या चासीवर कारखान्याने नंबर ठोकलेला नसतो, बल्कहेडवर (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यावर) रिव्हेट केलेली पट्टी हीच ओळख. रंगाआधी पट्टी काढणार असाल तर फोटो काढा आणि ती घरी कपाटात ठेवा. गॅरेजात ठेवू नका.

कॉव्हेंट्रीकर

मूळची साताऱ्याची, बारा वर्षं कॉव्हेंट्रीत. जिथे ही गाडी बनायची तो कॅनलीचा कारखाना आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होता. गाड्या बनायचं १९८० लाच थांबलं. शेवटची स्पिटफायरही तेव्हाचीच.

तुमचा प्रश्न वाचून मला वेगळंच वाटलं. पाचही मॉडेलं धरून स्पिटफायर तीन लाखांवर बनल्या. इथे सिल, फ्लोअर, ट्रनियन, डिस्क, रबर, हुडाचं कापड, सगळं नवं मिळतं, जुनी हेडं जुन्या बाजारात मिळतात. तुम्ही म्हणताय ती चार दारांची हेराल्ड इथे कधी बनलीच नाही. ती फक्त भारतात, मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने केली. इथले हेराल्डप्रेमी तिचा फोटो दाखवला की विश्वास ठेवत नाहीत.

म्हणजे कमी गाड्या असलेली कापून जास्त गाड्या असलेली उभी करायची. त्यात सिल आणि फ्लोअर तर हेराल्डचे बसणारही नाहीत.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. नाना, तुमचा प्रतिसाद छापून गॅरेजात चिकटवलाय.

कॉव्हेंट्रीकर, तुमचं वाचून दोन दिवस गप्प बसलो. खरं सांगायचं तर थोडा रागच आला. इंग्लंडहून पत्रा मागवायचा म्हणजे वाहतूक आणि कस्टम ड्युटी, आणि माझी हेराल्ड दारात उभी. ४५ हजार घालून झालेत, ते काय शोभेसाठी?

हेराल्डवेडी

शोभेसाठी नका ठेवू, चालवण्यासाठी ठेवा. माझ्या बाबांची दोन दारांची होती, १९७९ ला विकली. मागच्या सीटवरून उतरायला पुढच्याला उठवावं लागायचं, म्हणून आई कायम कुरकुरायची. चार दारांची घ्या म्हणायची. तिची इच्छा तुमच्या दारात उभी आहे. कटर लावण्याआधी एकदा चालू तरी करून बघा.

उद्यमनगरचा_टर्नर

हे बरोबर. इंजिन हातानं फिरतंय म्हणतोस ना? प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरात थोडं तेल सोड, रात्रभर राहू दे. टाकीतलं जुनं पेट्रोल गाळून वापरायचं नाही, फेकायचं. आणि बॅटरी जोडताना बघून. स्पिटफायर मार्क टू असेल तर बॅटरीचं अधिक टोक बॉडीला असतं. हेराल्डचं काय आहे ते आधी तपास, नाहीतर डायनॅमो काळा होतोय.

पंचगंगाकाठ (तीन आठवड्यांनी)

अपडेट द्यायला उशीर झाला.

टाकी धुतली, सोलेक्स कार्बोरेटर उघडून साफ केला, पॉइंट घासले. चौथ्या खेपेला हेराल्ड सुरू झाली. आधी निळा धूर, मग पांढरा, मग नुसताच आवाज, शिवणयंत्रासारखा. ब्रेक नव्हते, म्हणून मळ्याच्या वाटेवर पहिल्या गिअरमध्ये मामींना घेऊन एक फेरी मारली. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर अलगद बसवणारी सोय) नाही हे विसरून एकदा असा कर्र आवाज काढला की मामी म्हणाल्या, "तुझे मामाही असंच करायचे."

तर हेराल्ड कापत नाही. स्पिटफायरची सिल, ट्रनियन, हेड कॉव्हेंट्रीकरांच्या ओळखीने मागवतोय, एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. मूळ क्रँकला तडा नाही, ग्राइंडिंगला दिलीय. मामांनी चढवलेलं ९४८ स्पिटफायरमधून काढून हेराल्डसाठी राखीव ठेवणार. एसयूंचं मात्र अडलंय. एकजण अॅम्बेसेडरचे दोन बसव म्हणाला. नाना, चालेल का?

सांगलीचे_नाना

एसयू तोच वंश, पण दीड लिटरला एक कार्बोरेटर पाजत होता, तुझ्याकडे साडेअकराशेला दोन. आत सुई असते, ती बदलावी लागेल. दोन्हींचे शाफ्ट आधी हलवून बघ. सैल असतील तर हवा ओढणार आणि तू सुया बदलत म्हातारा होशील. मॅनिफोल्ड मात्र स्पिटफायरचाच लागेल, तो कॉव्हेंट्रीच्या बाईंनाच सांग.

पंचगंगाकाठ

सांगतो. आणि आता उलटा प्रश्न: हेराल्ड मार्क थ्रीच्या मागच्या डाव्या दाराची काच वरखाली करायचं यंत्र मोडलंय. ते इंग्लंडमध्ये मिळणार नाही हे कळलं. चेन्नईत पुदुपेट्टईच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात कुणाची ओळख आहे का?

हेराल्डवेडी

माझा भाऊ चेन्नईत असतो. मोडलेल्या यंत्राचा फोटो टाका, दोन्ही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून.