‘हाउसहोल्ड’ला मराठीत काय म्हणावे?

पाटीपेन्सिल: जनगणनेविषयीच्या एका इंग्रजी माहितीपुस्तिकेचे भाषांतर करताना ‘हाउसहोल्ड’पाशी अडलो आहे. जे लोक एरवी एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवतात, ते एक हाउसहोल्ड. नाते असलेच पाहिजे असे नाही. म्हणजे घरीच राहणारी स्वयंपाकीणबाई त्यात येते आणि बंगळूरला स्थायिक झालेला सख्खा मुलगा येत नाही. ‘कुटुंब’ लिहिले तर वाचक नेमके उलटे समजेल.

रानजाई: ‘चूल’ लिहावे. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले की चुली वेगळ्या झाल्या असेच म्हणतात. सातबारा पुढे केव्हातरी फुटतो. पिण्याचे पाणी, शौचालय, इंधन यांची नोंद याच हिशेबाने होते, त्यामुळे वाड्यातल्या तीन चुली एकच धरल्या, तर एका नळावर तीन संसार चालतात हे आकड्यांत उमटणारच नाही.

तळटीप: वसतिगृहे आणि तुरुंग यांची नोंद ‘संस्थात्मक’ म्हणून होते. तिथे ‘संस्थात्मक चूल’ लिहिणार काय? शासकीय मराठीत ‘कुटुंब’ रूढ आहे, तेच ठेवावे. प्रगणकाने दारात उभे राहून कोश उघडायचा काय?

रानजाई: रूढ आहे एवढ्याने चुकीचा अर्थ बरोबर होत नाही.

जुनाबाड: ‘बिऱ्हाड’ आहे की! चाळीत मजल्यावर किती बिऱ्हाडे, असेच विचारत. खरे तर ‘जनगणना’ हा शब्दच नवा. आमचे आजोबा ‘खानेसुमारी’ म्हणत. फारसीत खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. माणसांच्या मोजणीला उर्दूत मर्दुमशुमारी हा वेगळा शब्द आहे. तेव्हा २०२७च्या जनगणनेआधीची घरयादी हीच खरी खानेसुमारी.

शुद्धमती: फारसीची उसनवारी कशाला? ‘शिरगणती’ हा आपला, नेमका शब्द आहे.

तळटीप: नेमका कसा? नुसती डोकी मोजायची असती तर एक रकाना पुरला असता. २०११मध्ये सुमारे ८.३ कोटी लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली, हे डोकी मोजून कळत नाही. शिक्षण, व्यवसाय, स्थलांतर विचारले जाते, म्हणून तर शाळा कुठे काढाव्यात याचा अंदाज बांधता येतो.

पाटीपेन्सिल: मूळ प्रश्न हाउसहोल्डचा होता. ‘बिऱ्हाड’ आवडला, पण त्यात भाडेकरूपणाचा वास येतो. स्वतःच्या वाड्यात एकट्या राहणाऱ्या आजींना बिऱ्हाड म्हणावे काय?

रानजाई: म्हणून तर चूल! २०११मध्ये बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. त्यांना ‘खाना’ नव्हता, पण पदपथावर तीन विटांची चूल होतीच.

जुनाबाड: बेघर हा अपवाद झाला, त्यावरून खानेसुमारी मोडीत निघत नाही. शुद्धमतींनी आधी ‘रकाना’ला आपला शब्द सुचवावा.