ईथर नुसतं द्रावक नाही
ग्रीन्यार अभिकारक, म्हणजे मॅग्नेशियम आणि ब्रोमोइथेनपासून होणारं इथाइल मॅग्नेशियम ब्रोमाइड, बनवताना ईथर हे फक्त द्रावक असतं आणि सगळं कोरडं लागतं, असं वर म्हटलंय. त्यातलं पहिलं म्हणणं पटत नाही. 1960च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ रंडल आणि सहकाऱ्यांनी इथाइल मॅग्नेशियम ब्रोमाइडचे स्फटिक क्ष-किरणांनी तपासले. मॅग्नेशियमभोवती इथाइल, ब्रोमीन आणि शिवाय दोन ईथर रेणूंचे ऑक्सिजन, असे चौघे चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर सापडले. म्हणजे ईथर थेट धातूला जोडलेलं आहे! द्रावणात तर श्लेंक समतोलामुळे (दोन रेणू आपसात गट बदलतात आणि उलटही होतं) डायइथाइल मॅग्नेशियम आणि मॅग्नेशियम ब्रोमाइडही असतं. डायॉक्सेन (दोन ऑक्सिजन असलेलं वलयी ईथर) घातलं की मॅग्नेशियम ब्रोमाइडचा पांढरा साका बसतो.

कोरडेपणाबद्दल मात्र पूर्ण सहमत. भर एवढीच, की मॅग्नेशियमच्या टर्निंग्जवरचा (बारीक कातरणांवरचा) ऑक्साइडचा थर आधी मोडायला हवा. थोडं ब्रोमोइथेन आणि आयोडीनचा एक खडा टाका. तपकिरी रंग उडून धातूपाशी बुडबुडे दिसले, की उरलेलं ब्रोमोइथेन थेंबथेंब सोडा.