विहिरीच्या पाण्यातील शिसे आणि पारा: कोणता प्रकाशीय संवेदक निवडावा?

प्रश्न:
पदव्युत्तर प्रकल्पासाठी मला प्रयोगशाळेबाहेरही वापरता येईल असा प्रकाशीय संवेदक, म्हणजे शिसे किंवा पारा असल्यास रंग वा चमक बदलून ते दाखवणारे साधन, तयार करायचा आहे. सायट्रेटने स्थिर केलेल्या सोन्याच्या नॅनोकणांपासून सुरुवात केली. ऊर्ध्वपातित पाण्यात द्रावण लालच राहते, पण विहिरीचे पाणी घालताच, त्यात शिसे नसतानाही, ते आधी जांभळे आणि मग निळे पडते. हाच मार्ग सुधारावा, की दुसरा धरावा?

प्रतिसाद १:
तुमच्या हातून चूक झालेली नाही. हे कण ऋणभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तो भार झाकून टाकतात, त्यामुळे कण गोळा होतात आणि ५२० नॅनोमीटरजवळचे शोषण लांब तरंगलांबीकडे सरकते. विहिरीच्या पाण्यासाठी मी हा मार्ग सोडून देण्याचाच सल्ला देईन.

पाऱ्यासाठी गंधकयुक्त ऱ्होडामाइन हे रंगद्रव्य घ्यावे. त्याचे बंद वलय रंगहीन असते, पारा जोडला गेला की ते उघडते आणि द्रावण गुलाबी होऊन चमकू लागते. चमक विझण्यावर आधारलेला संवेदक शक्यतो टाळावा, कारण तांबे आणि लोहही ती विझवतात. शिशासाठी डायथायझोन (धातूशी जुळून रंग बदलणारे रसायन) लावलेल्या पटलातून बरेच पाणी गाळावे, म्हणजे धातू एका जागी साठतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिशाची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ४८ नॅनोमोलर इतकी कमी असल्याने हे साठवणे आवश्यकच ठरते. मात्र जस्तही डायथायझोनला लाल करते, म्हणून रंग आला की तो संशय मानावा आणि आयसीपी-एमएसवर (धातूंचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणारे प्रयोगशाळेतील उपकरण) खात्री करावी.

प्रश्नकर्ता:
नमुने टिकावेत म्हणून मी त्यांत नायट्रिक आम्ल घालतो. त्याने अडचण येईल का?

प्रतिसाद २:
येईल. सामू २ च्या खाली असताना डायथायझोन शिशाशी नीट जुळत नाही, त्याला किंचित अल्कधर्मी माध्यम लागते. म्हणून मापनापूर्वी बफर घालून सामू ठरावीक ठेवावा. अंशांकनही (ज्ञात प्रमाणांवरून संवेदकाची मोजपट्टी ठरवणे) शुद्ध पाण्यात करू नये. त्याच विहिरीच्या पाण्याचे चार भाग करून तिघांत शिशाचे ज्ञात, वाढते प्रमाण घालावे, चारही वाचने आलेखावर मांडावीत आणि त्या रेषेवरून मूळ प्रमाण काढावे. पाऱ्याचे नमुने साध्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवू नयेत. पारा भिंतीला चिकटतो आणि वाचन खोटे कमी येते.