‘पीअर असेसमेंट’: समवयस्क, परस्पर की सहाध्यायी?

अनुवादिका: विद्यापीठीय अध्यापकांसाठीच्या एका मार्गदर्शिकेत ‘पीअर असेसमेंट’साठी, म्हणजे विद्यार्थ्यांनी वर्गातील इतर विद्यार्थ्यांचे काम तपासण्याच्या पद्धतीसाठी, मी ‘समवयस्क मूल्यमापन’ असे लिहिले. त्यावर एका प्राध्यापकांनी हरकत घेतली की, पदव्युत्तर वर्गात पंचविशीतला विद्यार्थी पन्नाशीतल्या विद्यार्थिनीचा निबंध तपासतो. तेथे समान असतो तो अभ्यासक्रम, वय नव्हे. ‘परस्पर मूल्यमापन’ चालेल का?

मीमांसक: चालणार नाही. निबंध नावे झाकून वाटले, तर मी ज्याचा निबंध तपासतो तोच माझा तपासेल असे नसते. शिवाय ‘परस्पर निकाल लावला’ म्हणजे संबंधितांना न विचारता लावला. त्यामुळे हे मूल्यमापन अध्यापकांना डावलून केले आहे, असाच अर्थ निघेल.

संस्कृतानुरागी: ‘सतीर्थ्य’ हा तयार शब्द असताना नवे घडवायचे कशाला? पाणिनीच्या ‘समानतीर्थे वासी’ या सूत्राने तो सिद्ध होतो, येथे तीर्थ म्हणजे गुरू. आणि अमरकोशातही एकाच गुरूच्या शिष्यांसाठी तो आला आहे.

अध्यापक: शब्द सुंदर आहे, परंतु ज्या विद्यार्थ्यांना निकष समजावण्यातच पहिला तास जातो, त्यांना आधी शब्दही समजावावा लागेल. ‘सहाध्यायी’ पुरेसा आहे. माझा आक्षेप ‘मूल्यमापन’ला आहे, कारण तो शब्द ऐकताच विद्यार्थी केवळ गुण देतात, आणि मित्राला कमी गुण कसे द्यावेत या संकोचात अभिप्राय लिहायचा राहतो. दुसऱ्याच्या युक्तिवादातील उणीव शोधून ती शब्दांत मांडताना स्वतःचे लेखन सुधारते, हाच माझ्या मते या पद्धतीचा गाभा आहे. म्हणून ‘सहाध्यायी अभिप्राय’ म्हणावे.

मीमांसक: मग गुणांचे काय? फाल्चिकोव्ह आणि गोल्डफिंच या संशोधकांनी २००० साली ४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी दिलेल्या गुणांतील सरासरी सहसंबंध ०.६९ (१ म्हणजे पूर्ण मेळ) आढळला; आणि नीट समजलेल्या निकषांवर एकच समग्र मत दिले असता हा मेळ अधिक चांगला बसला. ‘मूल्यमापन’ गाळणे म्हणजे विद्यार्थ्यांचा निर्णयाधिकार काढून घेणे होय.

अध्यापक: सरासरी मेळ बसला, तरी एखाद्यावर अन्याय होऊ शकतो. अंतिम गुण अध्यापकानेच द्यावेत.

संस्कृतानुरागी: तसे असेल, तर निकष ठरवण्यात तरी विद्यार्थ्यांना स्थान असावे.

अनुवादिका: मार्गदर्शिकेत गुण आणि अभिप्राय यांसाठी दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत, दोन्हींना सामावणारे एकच नाव मला अजून हवे आहे.