अपहरण ‘केलेली’ मुले की ‘झालेली’?

शाईपेन: शाळेतल्या प्रदर्शनासाठी युगांडातल्या आबोकेच्या मुलींवर चार फलक लिहायचे आहेत आणि मी पहिल्याच ओळीत अडकले आहे. ऑक्टोबर १९९६ मध्ये जोसेफ कोनीच्या लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर सैन्याने तिथल्या सेंट मेरीज कॉलेजच्या वसतिगृहातून १३९ मुली रातोरात नेल्या. उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले फसेरा एका शिक्षकाला बरोबर घेऊन बंडखोरांच्या मागोमाग जंगलात गेल्या आणि १०९ जणींना सोडवून आणलं. ३० तिथेच राहिल्या. मग पालकांनी संघटना काढली. मी लिहिलंय, ‘अपहरण केलेल्या मुलींसाठी तळागाळातून जनजागृती’. वाचायला कसंतरीच वाटतं. का ते कळत नाही.

खडूफळा: ‘अपहरण केलेल्या मुली’ म्हणजे कोणी कोणाचं केलं? ‘अटक केलेला माणूस’ म्हटलं की तो पकडला गेलेला असतो, पण ‘चोरी केलेला माणूस’ चोर असतो. ‘केलेला’ दोन्हीकडे चालतं, अर्थ संदर्भावर सोडून देतं. ‘अपहरण झालेल्या’ लिहा, किंवा सरळ ‘पळवून नेलेल्या’.

आंबेमोहर: ‘पळवून नेलेल्या’ नको हो. आमच्याकडे मुलगी पळवून नेली म्हटलं की लोक आधी विचारतात, लग्न केलं का? कीर्तनात रुक्मिणीहरण, सुभद्राहरण ऐकून वाढलेले कान आपले. त्यात कोनीच्या माणसांनी मुली ‘बायका’ म्हणून वाटून घेतल्या होत्या, म्हणजे नेमका नको तोच अर्थ चिकटेल. त्या फलकावर ‘बायका’ हा शब्दही एकटा सोडू नका, ‘बळजबरीने बायको केलेल्या’ असं पूर्ण लिहा.

तिठा: मुलग्यांसाठीही ‘पळवणे’ जपूनच वापरा. ‘मुलं पळवणारी टोळी’ या तीन शब्दांच्या अफवेपायी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. शाळेच्या भिंतीवर तो शब्द मोठ्या अक्षरात नको.

शाईपेन: हे लक्षातच आलं नव्हतं. मग ‘बेपत्ता’? ‘ओलीस’?

खडूफळा: ओलीस ठेवणारा बदल्यात काहीतरी मागतो. या मुलींना सैनिक आणि बायका म्हणून वापरायलाच नेलं होतं. ‘बेपत्ता’त नेणाराच गायब होतो, जणू मूल आपणहून कुठेतरी गेलं. ‘हरवलेली’ तर त्याहून वाईट, जत्रेत हात सुटल्यासारखं. कोणी नेलं हे माहीत असताना कर्त्याचं नाव घालून वाक्य लिहावं: ‘बंडखोरांनी उचलून नेलेल्या मुली’. ‘उचलून नेणे’त जबरदस्ती आहे, लग्नाचा वास नाही.

आंबेमोहर: ‘तळागाळातून’बद्दल कोणी बोललं नाही. तळागाळ म्हणजे समाजाचा सगळ्यात खालचा, नाडलेला थर. लोकांनी स्वतः उभं केलेलं काम असा त्याचा अर्थ नाही, वर्तमानपत्रांनी तो चिकटवला. त्या पालकांच्या संघटनेतल्या अँजेलिना अत्याम परिचारिका होत्या, सुईणपण करायच्या, त्यांना तळागाळात कशाला ढकलायचं? ‘पालकांनी उभी केलेली मोहीम’ म्हणा.

तिठा: आणि ‘जनजागृती’ला डेंग्यूच्या फवारणीचा वास येतो. तिथे जागं कोणाला करायचं होतं? उत्तर युगांडात घरोघर ठाऊक होतं. मुलं रोज संध्याकाळी गावातून चालत गुलू शहरात येऊन व्हरांड्यात झोपायची, रात्री कोणी नेऊ नये म्हणून. अत्यामबाईंची मुलगी त्या तिसांत होती. बोलणं थांबवा, तुमची मुलगी परत देतो, असा निरोप त्यांना बंडखोरांकडून आला. त्यांनी सगळ्याच मुली मागितल्या, एकटी आपली घ्यायला नकार दिला. याला मराठीत नेमका शब्द आहे: वाचा फोडणे.

शाईपेन: ‘आबोकेच्या पालकांनी वाचा फोडली’. मिळालं शीर्षक! पण चौथ्या फलकावर डॉमिनिक ओंग्वेन आहे. त्याला लहानपणी शाळेच्या वाटेवरून उचललं, पुढे तो त्याच सैन्यात कमांडर झाला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला २५ वर्षांची शिक्षा दिली आणि ती ठरवताना त्याचं बालपणही विचारात घेतलं. याला काय म्हणू? ‘अपहृत’?

खडूफळा: ‘अपहृत’ शुद्ध आहे (‘अपहरित’ नको), पण सातवीतलं पोर ते वाचताना अडखळेल. गंमत बघा, गंमत तरी कशी म्हणावी, ज्या वाक्याला मी वर नावं ठेवली ते याला दोन्ही बाजूंनी लागू पडतं. ‘अपहरण केलेला मुलगा’. तरी फलकावर दोन वाक्यंच करा. आधी त्याला नेलं ते, मग त्याने काय केलं ते. मध्ये ‘पण’ घालू नका.

शाईपेन: ‘आणि’ घालू?

खडूफळा: पूर्णविराम द्या.