पाणीपुरवठ्याची आपत्ती-तपासणी : सुरुवात पंपगृहापासून की वाहिन्यांपासून? (तिघांची चर्चा)

जॅकवेल : पूर-भूकंपात योजना किती तग धरेल हे तपासायला निघालेले बहुतेक जण आधी सगळ्या वाहिन्यांचा नकाशा करायला बसतात आणि तिथेच अडकतात. माझ्या मते स्रोतापासून टाकीपर्यंत पायी जावं. प्रत्येक टप्प्यावर एकच बघायचं : हे बंद पडलं तर दुसरी सोय आहे का? पंपाचं विजेचं पॅनेल पूरपातळीच्या खाली असेल, तर पुढची वाहिनी शाबूत असूनही नळ कोरडे. पंप सबमर्सिबल असला तरी स्टार्टर बुडाला की संपलं. जनरेटर चौथऱ्यावर आणि डिझेलची टाकी खाली, हेही सर्रास दिसतं.

सांधेजोड : पुरापुरतं मान्य. भूकंपाला हा क्रम लावू नका. १९९५ साली जपानमधल्या कोबेच्या भूकंपात सुमारे १३ लाख घरांचं पाणी गेलं, ते पूर्ववत व्हायला दोन महिन्यांहून जास्त लागले, कारण वाहिन्या जमिनीखाली जागोजागी फुटल्या होत्या. हादऱ्यापेक्षा जमीन कायमची सरकते तिथे जास्त घात होतो : भरावाची जागा, नदीकाठची ओली वाळू. पाइप बऱ्याचदा मधे न तुटता सांध्यातून निसटतो. म्हणून साहित्य, व्यास, सांध्याचा प्रकार आणि माती एवढी नोंद तरी आधी हवीच. २०११ च्या न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च भूकंपात एसी (अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट) पाइपांची वाताहत झाली, पॉलिइथिलीनचे बरेच टिकले.

जॅकवेल : नोंद झाली म्हणून सगळे पाइप उद्या बदलणार आहात का? फुटल्यावर पाणी अडवता येतं का, ते महत्त्वाचं. व्हॉल्व्ह कागदावर असतो, जागेवर डांबराखाली गाडलेला. प्रत्येक व्हॉल्व्ह फिरवूनच बघा. सेकंदाला १०० लिटर गळती असेल तर १० लाख लिटरची टाकी पावणेतीन तासांत रिकामी. माणशी १५ लिटर धरले तर तेवढ्या पाण्यात ६६ हजार लोकांचा दिवस निघतो. टाकीतून पाणी बाहेर पडतं त्या तोंडावर भूकंपात आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह बसवा.

बंबवाला : इथे माझा ठाम विरोध. तो मिटला की हायड्रंटही (आग विझवायचे नळ) कोरडे, आणि भूकंपामागोमाग आगी लागतात. कोबेत आगी लागल्या आणि वाहिन्या फुटल्यामुळे हायड्रंट कोरडे पडले. दोन टाक्या असतील तर व्हॉल्व्ह एकीलाच लावा. त्याआधी टाकीला लागलेला ताठ पाइप काढून लवचीक जोड द्या. टाकी आणि जमीन वेगवेगळ्या हलतात, पहिला तडा तिथेच जातो.

सांधेजोड : पटलं. फक्त दाब शून्यावर गेलेल्या वाहिनीत गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, तोही रकाना तपासणीत ठेवा. पुरवठा सुरू करताना वाहिनी धुऊन काढायची आणि शेवटच्या नळाला उरलेला क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम मिळेपर्यंत ते पाणी पिण्यासाठी सोडायचं नाही.